बाबलीला दिलेला पगार

केळीची पानं अजून आली नव्हती. सुमंगलाबाई पुन्हा एकदा मागच्या पडवीत डोकावून आल्या.

त्यांच्या नवऱ्याच्या, सगुण भाटकारांच्या, पितृपक्षातल्या म्हाळाला दरवर्षी पानं बाबली आणायचा. नीट उजाडलेलंही नसायचं तेव्हा पानांची गुंडाळी पडवीत टेकवायचा, ओट्यावर बसून फुंकर मारत चहा प्यायचा आणि मग विचारायचा, "बाय, आनी काय मोडला?" काही ना काही मोडलेलं असायचंच. आज पडवी रिकामी होती आणि स्वयंपाकघराचं अर्धं छप्पर उघडं होतं.

त्या उघड्या अर्ध्याखाली धाकटी सून सिद्धी उभी होती. एका कडेवर तारा, दुसऱ्या हातात झाडू. वर बांधलेल्या निळ्या ताडपत्रीत पावसाचं पाणी साठलं की ती गाभण म्हशीसारखी खाली लोंबायची. मग झाडूच्या दांड्याने तिला खालून ढकलायचं, म्हणजे पाणी भिंतीपलीकडे सांडायचं. थोडं आतही सांडायचं. चुलीवर भाज्यांचं खतखतं होतं, शेजारच्या गॅसवर खीर होती, वड्यांचं पीठ मळून झाकलेलं होतं. ताराला हा खेळ वाटत होता. पाणी धबकन सांडलं की ती आईच्या खांद्यावर नाक घासून हसायची. सिद्धीला मात्र पहाटेपासून एकदाही हसू आलं नव्हतं.

"मीठ घातलंस गो खतखत्यात?" दारातून प्रियाने विचारलं. मोठी जाऊ काल संध्याकाळी वास्कोहून आली होती आणि आत्ताच न्हाऊन, केस सोडून, कोरडी उभी होती.

"नाही वहिनी. वरून किती पाणी पडतंय ते कळलं की घालते."

"चिडलीस?"

"मी नाही. ताडपत्री चिडलीय."

प्रिया हसली, पण आत आली नाही. सुमंगलाबाई मात्र पदर खोचून आत आल्या.

"शुक्रवारपासून माणसाचो पत्तो ना. वासो काडलो, कवलां उतरवली, आनी गेलो तो गेलो. आजारी आसा काय?"

"मी काल जाऊन आले, आई. त्याची बायको म्हणाली, झोपलाय. पण आतून खोकल्याचा आवाज येत होता. झोपलेला माणूस तसं ठरवून खोकत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे घरात होता. मला भेटला नाही."

बाबलीचं घर याच भाटात, म्हणजे भाटकारांच्या या बागायतीत, नारळींच्या रांगेपलीकडे. त्याच्या बापाला सगुण भाटकारांच्या बापाने तिथे बसवलं होतं. मातीच्या भिंती होत्या, त्या बाबलीने स्वतः एकेक चिरा आणून बदलल्या. स्वयंपाकघरात कोणी मोठ्याने बोललं तर तिथे ऐकू जायचं. तिथला माणूस इथून बोलावून आला नाही, असं या घरात कधी झालं नव्हतं.

"म्हाळाच्या दिवसा," सुमंगलाबाई म्हणाल्या, आणि रागाने चुलीतलं लाकूड उगाचच आत सारलं.

*

मोठा मुलगा श्रीनाथ सोप्यावर फोन घेऊन बसला होता. भटजींनी कळवलं होतं की त्यांचे आणखी दोन म्हाळ आहेत, बारा तरी वाजतील. आतून सासू-सुनांचं बोलणं त्याला ऐकू येत होतं आणि बाबली का येत नाही हे या घरात सगळ्यात चांगलं त्याला ठाऊक होतं. म्हणूनच तो एवढ्या जोरात बोलला.

"एक माणूस येत नाही तर दुसरा बोलवायचा! त्यात एवढं रडायचं काय? गौरेश, तुझ्या तुयेच्या फॅक्टरीत छपराची कामं करतो तो कोण?"

"सागर." धाकटा भाऊ गौरेश, सिद्धीचा नवरा, खांबाला टेकून उभा होता. त्याने नंबर दिला आणि पुन्हा खांबाला टेकला.

श्रीनाथने फोन स्पीकरवर लावला. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बोला."

"स्वयंपाकघराचं छप्पर आहे. अर्धं उघडं."

"कोणी उघडलं?"

"आमच्याच माणसाने."

"मग त्यानेच मिटवायचं ना."

"ते तुला काय करायचंय रे? आज येतोस का सांग."

"आज रविवार. बघायला यायचे हजार."

"नुसतं बघायला? सिनेमा आहे काय?"

"सिनेमाला तुम्ही जाता, साहेब. इथे मी येतोय. काम दिलंत तर हजार वजा करीन. आणि एक आत्ताच सांगतो, दुसऱ्याने अर्धं सोडलेलं मी तसंच धरत नाही. त्याचं लाकूड उतरवणार, माझं चढवणार. उद्या गळलं तर शिव्या मला. दोन माणसं लागणार, शिड्या लागणार, पावसातलं काम म्हणून थोडं वर. चाळीसच्या खाली नाही. सामान तुमचं."

"चाळीस काय?"

"हजार. तुम्ही कुठले, मुंबईचे?"

"वास्कोचा."

"मग एवढं ठाऊक हवं," सागर म्हणाला. त्याच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. "ठरवा आणि सांगा. आज जेवायच्या आधी फोन केलात तर संध्याकाळी येतो."

फोन बंद झाला. सुमंगलाबाईंनी गालावर हात ठेवला. "चाळीस हजार! तेवढ्यात तुज्या बापान आख्खो गोठो बांदललो."

"दादांनी नाही, आई," सिद्धी म्हणाली. "बाबलीने बांधला."

श्रीनाथने तिच्याकडे पाहिलं. ही धाकटी भावजय डिचोलीची, बोलायला मऊ, पण मध्येच असं एखादं वाक्य टाकायची की पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही.

"आणि नुसता गोठा नाही," ती बोलतच होती. "न्हाणीचं दार, विहिरीचा पंप, माजघरातली वायर, खिडकीचं ते जनेल, जे कोणालाच लागत नव्हतं. मी मे महिन्यात म्हापशाच्या एका माणसाला विचारलं होतं या सगळ्याचं काय होईल. त्याचा आकडा ऐकून मला बाबलीच्या तोंडाकडे बघवेना. म्हणून तर आपण पगार सुरू केला."

"आपण म्हणजे कोणी?" सुमंगलाबाईंनी विचारलं.

"म्हणजे... तुमच्या खात्यातून, आई. पेन्शनच्या. जुलैपासून महिन्याला पाच हजार. भावोजी म्हणाले, तुम्हाला सांगितलंय."

श्रीनाथने फोन उलटा ठेवला. "सांगायचं राहिलं असेल. पाच हजारांनी काय होतंय? चाळीस ऐकलेस ना आत्ता?"

जूनमध्ये सिद्धीचा फोन आला होता. अडखळत, लाजत म्हणाली होती की बाबलीला आपण काहीच देत नाही, मला बरं वाटत नाही. त्याच आठवड्यात तो वकिलाकडे जाऊन आला होता. वकील म्हणाला होता, हा अर्ज करणारा बाबली पगारी माणूस आहे असं काही दाखवता येईल का? श्रीनाथने त्याला नाही म्हणून सांगितलं होतं. आमच्या घरात असलं काही लिहीत नाहीत. आणि मग ही पोर स्वतःहून विचारत आली. दे की, तो म्हणाला. आईचं खातं तुझ्याच फोनवर आहे. फक्त कशाचे ते लिहीत जा, घराची देखभाल, पगार, असं. नंतर घोटाळा नको.

त्यात खोटं काय होतं? त्याने स्वतःला अनेकदा विचारलं होतं. माणूस काम करतो, माणसाला पैसे मिळतात. नुकसान कोणाचं? तीस वर्षं तो बंदरावरच्या एका ऑफिसात जहाजांची कागदपत्रं करत वास्कोतल्या दोन खोल्यांत राहिला. निवृत्ती दोन वर्षांवर आली. रस्त्याकडेच्या भाटाला गिऱ्हाईक आलं होतं, विमानतळ झाल्यापासून येतात तसलं. त्याची अट एकच, सगळा तुकडा मोकळा हवा. आणि तुकड्याच्या बरोबर मध्यभागी बाबलीची चूल.

"बाबली इलो," प्रिया म्हणाली.

*

तो पुढच्या दारी आला होता. सुमंगलाबाईंना आधी तेच खटकलं. लग्न होऊन लाटंबार्स्याहून या घरात आल्यापासून त्यांनी बाबलीला पुढच्या अंगणातून येताना पाहिलं नव्हतं, पाहिलं ते कवलं वाहताना. आज त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. हातात पानं नव्हती.

"खंय होतंस रे?" त्यांनी सुरुवात केली. "घरात म्हाळ, चुलीर पावस, आनी तू..."

बाबली सोप्याची पायरी चढला नाही. खालूनच हात लांब करून त्याने नोटांची एक जुडी सोप्यावर ठेवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून अंगणातला एक दगड उचलून तिच्यावर ठेवला.

"हे तुमचे पैसे, बाय. जुलैपासूनचे. मोजून घेवा."

"कसले पैसे?"

"पगाराचे." तो शब्द त्याने थुंकल्यासारखा उच्चारला. "माका वाटला, कवलांचे दिले. कवलां मी माझ्या पैशांनी हाडली होती, सिमीट मी हाडला. वयनीबाय पैसे घालता, म्हटला घालूं दे, हिशोब मागीर करुया. शुक्रवारी पेडण्याक मामलेदाराकडे तारीख होती. तुमच्या वकिलान माज्या हातात कागद दिल्यान. विचारल्यान, हे पैसे कसले? मी म्हटलंय, कवलांचे. तो हसलो. म्हणालो, वाच. माका वाचूक येता, बाय. घराची देखभाल, पगार. तीनय फावटी तसाच लिवलेला."

सिद्धी दाराच्या चौकटीत होती. सुमंगलाबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा अजून कळलं नसल्यासारखा, पण कानशिलं लाल झालेली.

"पण पगार दिला तर वाईट काय झालं?" तिने विचारलं. "बाबली, तू एवढं काम करतोस..."

"वाईट?" बाबली हसला नाही. "वयनीबाय, मी मुंडकार म्हणान अर्ज घातलंय. भाटकाराच्या जमनीत ज्या घरात आमी तीन पिढ्यो काडल्यो, ता घर इकत घेवन माज्या नावार करूक. मुंडकाराक तो हक्क आसा. पगार घेवन घर राखणाऱ्या नोकराक ना. तेका नोकरी सुटली की जागा पण सोडूची लागता. तुमच्या वकिलान तेच सांगल्यान मामलेदाराक. हो मुंडकार न्हय, हो पगारी राखणदार. बघा, दर म्हयन्याक पैसे जातत."

मागे स्वयंपाकघरात साठलेलं पाणी ताडपत्रीवरून आपसूक धबकन सांडलं.

"अर्ज घातलंस?" सुमंगलाबाईंचा आवाज चिरकला. सगळ्यात आधी त्यांना राग आला तो याचाच. "माज्यार? माज्या न्हवऱ्याच्या जमनीर? तीस वरसां माज्या ओट्यार च्या पितंस, आनी माका एक शब्द सांगूक नाय?"

"काय सांगूचा होता?"

"माका इचारूचा होता! मी आसा तोवर तुका कोण हात लायतलो?"

"आनी तुमी नाय तेव्हा?"

सुमंगलाबाईंनी खोचलेला पदर सोडून पुन्हा खोचला.

"मार्चात श्रीनाथबाब गाडी घेवन इलो," बाबली म्हणाला. "दोन माणसां होती टेप घेवन. माज्या खळ्यातसून मापां घेवक लागली. माजी बायल धुणा धुवत होती. तेच्यातलो एक तिका म्हणता, मावशी, जरा बाजूक व्हा. तिच्याच दारात! ती झाली बाजूक. रात्री जेवक नाय. त्याच आठवड्यात मी अर्ज घातलंय."

सुमंगलाबाई हळूहळू मोठ्या मुलाकडे वळल्या. मे महिन्यात श्रीनाथने कागद आणले होते. जमिनीच्या सर्व्हेचं काम आहे, आई, इथे सही, इथे सही. चष्मा घरात होता. त्या वाल सोलत होत्या. हात पुसून सह्या केल्या होत्या.

"त्यो सह्यो कसल्यो, श्रीनाथ?"

"आई, ते नंतर बोलू."

"त्यो वकिलासाठी होत्यो?"

"तुझ्याच भल्यासाठी! आणि तू," श्रीनाथ बाबलीवर उसळला, "तू कोणाला शिकवतोस? दादांनी तुला उभ्या आयुष्यात पगार दिला नाही, तेव्हा तुला चाललं. आम्ही माणुसकीने दिला, तर तो विष झाला?"

"भाटकारान दिलो नाय कारण भाटकार चिकटो होतो."

म्हाळाच्या दिवशी, ज्याचा म्हाळ त्याच्याच अंगणात. प्रियाने ओठ आवळले. श्रीनाथ उठून उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता सुमंगलाबाई पायातलं काढतात.

"होतो," सुमंगलाबाई म्हणाल्या.

"आई!"

"होतो म्हटला. तेच्यात तू देव सोदू नको." त्या सोप्यावरच्या कदेलीत, लाकडी खुर्चीत, बसल्या. "फुडे बोल, बाबली."

"फुडे काय? तीस वरसां फुकट राबलंय. माका वाटी, माझी बुद्द कमी, म्हणान राबतंय. आता माजो वकील म्हणता, ताच फुकटचा काम माज्या बाजून उभा आसा. आनी तुमचे पाच हजार माज्या इरोधात." त्याचा आवाज पहिल्यांदा हलला. "छप्पर अर्धा टाकून गेलंय, ताचो माका पण राग येता. माझा काम मी अर्धा सोडीत नाय. पण वकिलान सांगल्यान, निकाल लागासर तेंच्या छपरार चडू नको. एक कवला जरी सारखा केलंस, तरी म्हणतले, बघा, राखणदार."

*

गौरेश अजून खांबाशीच होता. आता कोणीतरी आपल्याकडे बघणार, हे त्याला कळत होतं, आणि आपण इथून उठून मागे ताडपत्री बघायला जावं असं फार वाटत होतं.

"भावोजी," सिद्धी म्हणाली. ती सोप्यावर आली होती. तारा तिच्या खांद्यावर झोपली होती, म्हणून तिचा आवाज बारीक होता, आणि बारीक होता म्हणूनच तो प्रत्येकाला ऐकू गेला. "मला लिहायला सांगितलंत तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"तुला द्यायचेच होते ना पैसे? तू विचारलंस, मी हो म्हटलं."

"मी ते नाही विचारलं."

"सिद्धी, घराच्या गोष्टीत..."

"ठाऊक होतं की नाही?"

श्रीनाथच्या कपाळावरची शीर उठली. "मला एकट्यालाच का विचारतेस? तुझ्या नवऱ्याला विचार! अर्धा वाटा त्याला नकोय काय?"

झालं. गौरेशने डोळे मिटले आणि उघडले.

ऑगस्टमध्ये, तुयेची फॅक्टरी सुटल्यावर, श्रीनाथने त्याला गाडीत बसवून सगळं सांगितलं होतं. गिऱ्हाईकाचा आकडा. त्यातला अर्धा. गौरेश गाडीत बसून काचेवरचं पाणी बघत राहिला होता. एवढ्या पैशांत म्हापशाला स्वतःचा फ्लॅट होतो. स्लॅबचा. पावसात ज्याच्या चुलीवर झाडू घेऊन उभं राहावं लागत नाही असा. त्या रात्री सिद्धी ताराला पाजता पाजता फोनवर बाबलीचे पैसे पाठवत होती. पाठवून झाल्यावर म्हणाली होती, हे केलं की मला महिनाभर बरं वाटतं रे. आणि तो म्हणाला होता, हं.

हं. त्याहून जास्त काहीच नाही. खोटं बोललो नाही, असंही तो स्वतःला सांगू शकला असता, पण खोटं बोलायला आधी तोंड उघडावं लागतं आणि त्याने तेही उघडलं नव्हतं.

"गौरेश?" ती म्हणाली.

"श्रीदादा म्हणाला, कोर्टाची भाषा आहे. एवढं काही होणार नाही."

"कधी म्हणाला?"

"ऑगस्टात."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिचा हात ताराच्या पाठीवर थोपटत होता, तो थांबला नाही. गौरेशला वाटलं, तिने ओरडावं. बाबलीसमोर, आईसमोर, कोणासमोरही. ओरडली असती तर त्याला काहीतरी म्हणता आलं असतं.

*

सिद्धीला ओरडायचं होतं. पण खांद्यावर दुधाच्या वासाचं, घामेजलेलं, एवढंसं डोकं होतं, आणि ते दचकून उठू नये म्हणून तिने सगळा राग दातांत धरला. दात दुखू लागले.

तिला आठवत होतं ते तिचंच बोट. पगार हा शब्द तिनेच लिहिला होता. प, ग, र, आणि मधल्या ग ला काना. लिहिताना तिला बरं वाटलं होतं. या घरात आल्यापासून काहीतरी नीट केलं, असं वाटलं होतं. आपल्या चांगुलपणाची यांनी दोरी केली आणि एका माणसाच्या घराला बांधली, आणि दोरी ओढायला नवरा नुसता उभा राहिला.

"बाबली, पुढची तारीख कधी?"

"मंगळवारी."

"तुझ्या वकिलाला सांग, मी येणार. पैसे माझ्या फोनवरून गेले. लिहिलं मी. कोणी लिहायला सांगितलं, कधी सांगितलं, आणि जुलैच्या आधी या घरातून तुला एक पैसा गेला नव्हता, तेही मीच सांगणार."

"वेड लागलंय काय तुला?" श्रीनाथ पुढे आला. "घरची सून मामलेदारासमोर घराविरुद्ध उभी राहणार? घराण्याची अब्रू त्या टेबलावर मांडणार?"

"ती शुक्रवारी तुम्हीच नेऊन मांडलीत. माझं नाव खाली घालून."

"गौरेश, आवर हिला."

"श्रीनाथ." सुमंगलाबाई कदेलीतून उठल्या नाहीत. "तुज्या वकिलाचो नंबर दी माका. माज्यो सह्यो मी इचारूक जाय."

"आई, तू पण? उद्या हा अंगणापर्यंत हक्क सांगेल, मग कळेल!"

"सांगूं दे. तेव्हा तेच्याकडे भांडतलंय." त्या बाबलीकडे वळल्या. "तुज्यार पण माजो राग आसा. अर्जाचो. तो वेगळो. मी तो इसरूची नाय."

"इसरू नकात, बाय," बाबली म्हणाला. "पण पैसे उचला."

सुमंगलाबाईंनी दगडाकडे पाहिलं आणि हात लावला नाही. प्रियाच पुढे झाली. नवऱ्याकडे न बघता तिने दगड बाजूला केला, जुडी उचलली आणि सासूच्या मांडीवर ठेवली.

"प्रिया!" श्रीनाथ ओरडला.

"काय प्रिया? धुणं धुणाऱ्या बाईला बाजूला हो म्हणाले, हे मला का नाही सांगितलंत? मला सांगितलंत, बाबली स्वतः जायला तयार आहे."

तारा ओरडण्याने दचकून जागी झाली. आधी ओठ काढले, मग रडायला लागली. सिद्धीने तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. गालाला गाल लावून ती ताराच्या कानात काहीतरी पुटपुटली, ते कोणालाच ऐकू गेलं नाही. मग ती नवऱ्याजवळ गेली. खांबापाशी, अगदी समोर.

"मंगळवारी रजा टाक."

"सिद्धी, आत जाऊन बोलू या का?"

"नाही. तारा अजून अंगावर पिते. तिला घरी ठेवून मी एवढा वेळ राहू शकत नाही. मला आत बोलावतील तेव्हा तिला घेऊन कोणीतरी बाहेर उभं राहायला हवं. पेडण्याच्या कचेरीच्या त्या व्हरांड्यात. सगळ्यांना दिसेल असं."

गौरेशने मान वळवून भावाकडे पाहिलं.

"तिकडे बघू नको. मी तुला विचारलंय." तिचा आवाज आता कापत होता, आणि ती तो कापू देत होती. "तुला नाही जमलं तर मी बाबलीच्या बायकोला सांगेन. तिच्या हातात मूल देऊन मी आत जाईन. पण मग परत येताना मी या घरी यायचं की डिचोलीला जायचं, ते मला तेव्हा ठरवावं लागेल."

श्रीनाथ काहीतरी म्हणाला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण धाकट्या भावाला हाक मारावी तशी त्याने हाक मारली होती, गौरू, असं काहीतरी. फ्लॅटचंही काही बोलला. गौरेशला ते सगळं ऐकू आलं. त्याने खांबावरून पाठ काढली. रडणारी तारा आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे हात करत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिला फक्त उंच खांदा हवा होता. त्याने तिला घेतलं.

"किती वाजता?" त्याने विचारलं. सिद्धीला नाही. बाबलीला.